मधल्या पिंपाचा धनी कोण?

सरकारी क्षयरोग केंद्रातून प्रौढ रुग्णाच्या हाती पडणाऱ्या एका गोळीत चार औषधे असतात. आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्बुटॉल २७५. पाकिटावर उत्पादकाचे नाव असते, परवाना क्रमांक असतो, वापराची अंतिम तारीख असते. गोळी निकृष्ट निघाली तर कोणाला जाब विचारायचा, हे कायद्याने ठरवून दिले आहे. परंतु या चारांपैकी शेवटचे औषध ज्या द्रवापासून तयार होते, त्याचे नाव पाकिटावर नसते, परवान्यात नसते आणि बहुतेक धोरणकर्त्यांच्या स्मरणातही नसते. एस-२-अमिनोब्युटेनॉल हे ते नाव. रंगहीन, किंचित दाट, अमोनियाची आठवण करून देणाऱ्या वासाचा हा द्रव पिंपांतून कारखान्यात येतो आणि इथॅम्बुटॉल होऊन बाहेर पडतो. उद्योगाच्या भाषेत अशा पदार्थाला ‘इंटरमीजिएट’, म्हणजे मधल्या टप्प्यावरचे रसायन, म्हणतात. आपल्या औषध धोरणाची परीक्षा या मधल्या पिंपापाशी होते आणि तेथेच ते अपुरे पडते.

या पदार्थाचे वेगळेपण त्याच्या रेणूच्या घडणीत आहे. उजवा हात आणि डावा हात यांत बोटे तीच, क्रमही तोच. तरी उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात चढत नाही. काही रेणूंचेही असेच असते. घटक सारखे, जोडणी सारखी, पण एक रूप दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. अशा रेणूंना कायरल म्हणतात. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून उजवे आणि डावे असे दोन ढीग हाताने वेगळे केले, तेव्हा या शास्त्राचा पाया घातला गेला. टार्टारिक आम्ल आपल्याला परके नाही. आपल्या चिंचेचा आंबटपणा त्याचाच, आणि चिंचेत निसर्गाने त्याचे एकच रूप घडवलेले असते. योगायोग असा की, अमिनोब्युटेनॉलच्या दोन रूपांना विलग करण्यासाठी उद्योग आजही याच आम्लाचा आधार घेतो. दोन्ही रूपांचे मिश्रण मिथेनॉलसारख्या विद्रावकात या आम्लाबरोबर एकत्र केले की एका रूपाचा क्षार स्फटिक होऊन खाली बसतो आणि दुसरे रूप द्रवात राहते.

हा खटाटोप कशासाठी, हे साध्या अंकगणिताने कळते. इथॅम्बुटॉलच्या एका रेणूत अमिनोब्युटेनॉलचे दोन रेणू गुंफलेले असतात. दोन्ही योग्य रूपाचे असतील तरच ते क्षयजंतूंविरुद्ध प्रभावी ठरणारे औषध होते. दोन्ही अयोग्य रूपाचे असतील तर त्याची परिणामकारकता शेकडो पटींनी घटते. एक योग्य आणि एक अयोग्य असेल तर तिसराच, कमी ताकदीचा पदार्थ तयार होतो. आता समसमान मिश्रण जसेच्या तसे वापरले तर काय होईल? उपयोगी औषध अर्धे मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात मिळते केवळ एक चतुर्थांश. अर्धा भाग संमिश्र रेणूंचा आणि उरलेला पाव भाग जवळजवळ निरुपयोगी रेणूंचा असतो. कच्च्या मालात अयोग्य रूपाचे प्रमाण अवघे दोन टक्के असले तरी तयार औषधात सुमारे चार टक्के रेणू संमिश्र निघतात. मधल्या पदार्थातील चूक पुढच्या टप्प्यात अशी दुप्पट होऊन उतरते.

हे चार टक्के हिशेबाच्या वहीत क्षुल्लक वाटतील. रुग्णाच्या बाबतीत ते तसे नाहीत. इथॅम्बुटॉलचा सर्वांत गंभीर दुष्परिणाम डोळ्यांच्या मज्जातंतूवर होतो. लाल-हिरव्या रंगांतील भेद ओळखणे अवघड होते, दृष्टी अंधुक होते, आणि औषध वेळीच थांबवले नाही तर हानी कायमची ठरू शकते. योग्य रूपातले औषधही या दोषापासून मुक्त नाही. मात्रा आणि कालावधी वाढला की धोका वाढतो. म्हणून जंतूंवर पुरेसा आघात करणारी आणि डोळ्यांना शक्य तितकी जपणारी अशी अरुंद वाट वैद्यकाने आखलेली आहे. ज्या रेणूंचा जंतूंवर परिणाम होत नाही, त्यांचा भार रुग्णाच्या शरीरावर टाकण्याचे कोणतेच समर्थन होऊ शकत नाही. देशातल्या नित्याच्या उपचारपद्धतीत इथॅम्बुटॉल पहिले दोन महिने आणि पुढचे चार महिने असे पूर्ण सहा महिने घ्यावे लागते. अर्धवट शुद्धतेची किंमत रुग्ण रोज, सहा महिने चुकवतो.

रुग्णाचा धोका हा या कथेचा उत्तरार्ध. पूर्वार्धात धोका आहे तो कामगाराचा, आणि त्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. प्रचलित पद्धतीत अमिनोब्युटेनॉलची वाट नायट्रोप्रोपेनपासून सुरू होते. हा ज्वलनशील द्रव. अल्कलीच्या संपर्कात त्याचे जे क्षार बनतात ते कोरडे झाल्यास स्फोटक असतात. त्याची फॉर्माल्डिहाइडशी अभिक्रिया घडवतात. फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग घडवणारे असल्याचे सिद्ध झालेले आहे. त्यातून मिळणारा नायट्रो-अल्कोहोल जास्त तापवला तर विघटन पावून भडकू शकतो. पुढे हायड्रोजन वायूचा दाब आणि रॅने निकेल हा उत्प्रेरक. ओला असेपर्यंत तो शांत. कोरडा होऊन हवा लागली की आपोआप पेट घेणारा. त्यानंतर रूपे वेगळी करताना मिथेनॉल येते आणि शेवटी इथॅम्बुटॉल घडवताना एथिलीन डायक्लोराइड. सामान्य खोलीच्या तापमानालाही हे दोन्ही द्रव पेट घेण्याइतकी वाफ सोडतात. एथिलीन डायक्लोराइड मानवात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. एका गोळीतील २७५ मिलिग्रॅमच्या मागे धोक्यांची ही एवढी माळ आहे.

या माळेत अमिनोब्युटेनॉलचा स्वतःचा स्वभाव तुलनेने शांत. पण निरुपद्रवी मुळीच नाही. तो तीव्र अल्कधर्मी आहे. त्वचेवर पडल्यास भाजल्यासारखी खोल जखम करतो आणि डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे पिंप जागेवर सुरक्षित, पण वाफेच्या नळीने किंवा उघड्या शेगडीने तापवले की असुरक्षित. थंडीत तो दाट होतो आणि तो पातळ करण्यासाठी पिंप तापवण्याचा मोह होतो, म्हणून ही बाब महत्त्वाची. तो हवेतले बाष्प आणि कर्बवायू शोषून घेतो. तांबे आणि पितळ यांना तो खातो. त्यामुळे झडपा व जोडण्या पोलादाच्या लागतात. तीव्र आम्लाशी गाठ पडली की मोठी उष्णता निर्माण होते. म्हणून आम्ल आणि हा द्रव शेजारी साठवायचे नसतात आणि एकमेकांत मिसळायचेच असतील तर थंडावा ठेवून, हळूहळू.

सुरक्षित हाताळणीचे नियमही यातूनच निघतात आणि ते अजिबात गूढ नाहीत. पिंप घट्ट बंद, कोरड्या व हवेशीर जागी, आम्ले आणि ऑक्सिडीकारकांपासून दूर. द्रवाच्या वर नायट्रोजनचे आवरण. ओतण्यासाठी उघडी बादली वापरायची नाही; पंप आणि बंदिस्त नळीच वापरायची. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून पिंप आणि टाकी यांना जमिनीशी तारेने जोडायचे. कामगाराला रसायनरोधक हातमोजे, पूर्ण झाकणारा चष्मा व चेहऱ्यावर ढाल. दहा-पंधरा पावलांवर डोळे धुण्याचा फवारा आणि न्हाणी, आणि डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुणे, मग रुग्णालय. सांडलेला द्रव कोरड्या वाळूने टिपून बंद डब्यात भरायचा, गटारात सोडायचा नाही. आणि एक सूचना जी हमखास विसरली जाते: जो नायट्रोजन आग टाळतो तोच बंद टाकीत उतरणाऱ्या माणसाचा श्वास कोंडतो. टाकीतल्या हवेची तपासणी केल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा ठेवल्याशिवाय आत कोणी उतरू नये.

आता या दोन धोक्यांतला संबंध पाहा. नायट्रोजनचे आवरण आणि बंदिस्त नळी कामगाराला वाफेपासून वाचवतात. तीच व्यवस्था द्रवाला बाष्प व कर्बवायूपासून वाचवते. बाष्प शिरलेल्या पिंपातल्या मालाची शुद्धता प्रकाशीय मापनाने, म्हणजे तो ध्रुवीकृत प्रकाश किती फिरवतो यावरून, तपासली तर आकडा घसरतो आणि रूप चुकले की पाणी मिसळले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला उजवे-डावे रूप निराळे मोजणारी क्रोमॅटोग्राफी लागते. उलटही घडते. ज्या कारखान्यात तापमानाची नोंद ठेवली जात नाही, तेथे स्फटिकीकरण घाईने उरकले जाते. नको असलेले रूप स्फटिकांत अडकते आणि तीच घाई गरम विद्रावकाच्या वाफा मोकळ्या करते. कामगाराची सुरक्षा आणि औषधाचा दर्जा हे दोन विषय असल्याचे सरकारी खाती मानतात. प्रत्यक्षात पिंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातून ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात किंवा एकाच वेळी बिघडतात.

खात्यांची विभागणी नेमकी येथे घातक ठरते. तयार औषध आणि त्यातील सक्रिय घटक औषध नियंत्रकाच्या अखत्यारीत येतात. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित ‘अनुसूची एम’ने उत्पादन पद्धतीचे निकष अधिक कडक केले, हे स्वागतार्हच. पण मधल्या टप्प्यावरचे रसायन स्वतंत्र कारखान्यात बनवून विकले जात असेल, तर १९४० च्या औषध कायद्याच्या दृष्टीने तो सामान्यतः औषध कारखाना नव्हे. ते एक रसायन विकणारे युनिट. तेथे दारावर येणारा अधिकारी राज्याच्या कारखाना निरीक्षणालयाचा किंवा प्रदूषण मंडळाचा. पहिला यंत्राचे कुंपण व बॉयलर पाहतो, दुसरा सांडपाणी. पिंपातले रूप योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्यांच्या कामाचा भाग नाही. औषध नियंत्रकाला तो प्रश्न कळतो, पण त्याचा अधिकार त्या दारापर्यंत पोहोचत नाही. तिन्ही अधिकारी आपापल्या जागी बरोबर आणि पिंप मात्र अधांतरी.

धोकादायक प्रक्रियांविषयी कायदेच नाहीत, असे कोणी म्हणू नये. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांचे नियम आले आणि त्यांत सुरक्षा माहितीपत्राचा नमुनाही दिला गेला. १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी आपत्कालीन नियोजनाचे नियम. परंतु या रचनेचा मोठा भाग प्रमाणावर बेतलेला आहे. अमुक टन साठा, तमुक कामगारसंख्या ओलांडली की जबाबदारी वाढते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यास सुरक्षा अधिकारी नेमणे अनिवार्य होते ते २५० कामगारांपासून. हायड्रोजनच्या दाबाखाली चालणारा रिअॅक्टर मात्र भोवती किती माणसे आहेत हे मोजून फुटत नाही. मधली रसायने बनवणारी कित्येक युनिटे या मर्यादेच्या बरीच खाली असतात, आणि तेथे कंत्राटी हातांचा भरणा अधिक.

या रचनेतल्या फटींची किंमत अलीकडच्या काळात दोनदा दिसली. २१ ऑगस्ट २०२४ रोजी आंध्र प्रदेशातील अनकापल्ली जिल्ह्यात एका औषध-रसायन कारखान्यात ज्वलनशील विद्रावकाची गळती होऊन वाफेचा स्फोट झाला आणि १७ जणांचा बळी गेला. ३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे औषधांत वापरली जाणारी पूरक भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक जीव गेले. या दोन्ही ठिकाणी अमिनोब्युटेनॉल नव्हते. पण दोन्ही कारखाने औषधाच्या अलीकडच्या, पाकिटावर नाव नसलेल्या टप्प्यांशी जोडलेले होते. मृतांत दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले मजूर होते. प्रत्येक वेळी समिती नेमली जाते, मदतनिधी जाहीर होतो. त्या समितीचा तांत्रिक अहवाल मात्र अंकलेश्वर, वापी, बड्डी किंवा तारापूरच्या अभियंत्याला वाचायला मिळून त्याने आपली झडप बदलावी, अशी व्यवस्था नाही. अमेरिकेत रासायनिक अपघातांचा तपास करणारे स्वतंत्र मंडळ १९९८ पासून कार्यरत आहे. दंड ठोठावण्याचा अधिकार त्याला नाही. कारण शोधून ते सर्वांसाठी प्रसिद्ध करणे एवढेच त्याचे काम. भोपाळ जेथे घडले, त्या देशात असे मंडळ नसावे, हे आश्चर्य म्हणावे की खेद?

ही चर्चा कामगार कल्याणाच्या सदरात टाकून मोकळे होता येणार नाही, याला आणखी एक कारण आहे. ४५ किलो वजनाच्या क्षयरुग्णाला रोज तीन गोळ्या, म्हणजे ८२५ मिलिग्रॅम इथॅम्बुटॉल लागते. १६८ दिवसांचे सुमारे १४० ग्रॅम झाले. त्यासाठी कोणतीही नासधूस न धरता सुमारे ९० ग्रॅम योग्य रूपाचे अमिनोब्युटेनॉल हवे. दहा लाख रुग्णांमागे हे ९० टन होतात, म्हणजे २० टनी टँकर धरला तर चार-पाच टँकर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात २८ लाख लोकांना क्षयरोग झाला. जगातील एकूण रुग्णांच्या २६ टक्के. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाचा एक खांब वर्षाकाठी डझन-दोन डझन टँकरांत मावणाऱ्या द्रवावर उभा आहे. एवढा माल मोजक्या युनिटांतून येऊ शकतो, आणि मागणी लहान असल्यामुळे तो मोजक्याच युनिटांतून येणे किफायतशीर ठरते. अशा एका युनिटात आग लागली किंवा सीमेपलीकडून येणाऱ्या नायट्रोप्रोपेनची एक खेप अडकली, तर त्याचे चटके काही महिन्यांनी एखाद्या दूरच्या तालुक्यातील औषध खिडकीवर बसतील.

खिडकीवर गोळी नसणे म्हणजे काय, याची झलक २०२४ च्या आरंभी मिळाली. अनेक राज्यांतून क्षयरोगाच्या एकत्रित गोळ्यांचा साठा आटल्याच्या तक्रारी आल्या. केंद्राने टंचाई असल्याचा इन्कार केला, पण मार्चमध्ये राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करण्याची मुभाही दिली. त्या वेळच्या अडचणीचे मूळ या द्रवात होते, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की क्षयाच्या उपचारात खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचाराचा कालावधी, खर्च व यातना सगळेच वाढते. औषधांचा अखंड पुरवठा हा येथे सोयीचा प्रश्न राहत नाही. तो उपचाराचाच भाग होतो. मग त्या पुरवठ्याच्या मागच्या टोकाला कोणते युनिट आहे आणि ते कितपत सुरक्षित चालते, हे खरेदी करणाऱ्या शासनाला ठाऊक असायला नको का?

केंद्राने या दिशेने काही पावले टाकली, हे नोंदवायला हवे. २०२० मध्ये मूळ रसायने, मधली रसायने आणि सक्रिय घटक देशात बनावेत म्हणून ४१ उत्पादनांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-निगडित प्रोत्साहन योजना आली. गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेशात औषधी रसायनांची उद्याने उभारण्यासाठी ३,००० कोटींची जोड मिळाली. या उद्यानांच्या आराखड्यात सामाईक विद्रावक साठवण, सांडपाणी प्रक्रिया, आपत्कालीन प्रतिसाद केंद्र व सुरक्षा तपासणी केंद्र यांना स्थान आहे. लहान उद्योजकाला एकट्याने न परवडणारी सुरक्षा सामाईकपणे पुरवण्याची ही कल्पना योग्यच. पण प्रोत्साहनाचा हिशेब विक्रीवर होतो. किती टन बनवले यावर पैसा मिळतो. ते बनवताना किती वेळा धोक्याची घंटा वाजली याला त्या हिशेबात जागा नाही. आत्मनिर्भरतेचा अर्थ धोका सीमेपलीकडून अलीकडे आणणे एवढाच उरला, तर ती आत्मनिर्भरता मजुराच्या अंगावर काढलेली ठरेल.

लहान उद्योजकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, सरकारी निविदेत सर्वांत कमी दर बोलणाऱ्याला काम मिळते. गोळीचा दर पैशांत कापला जातो आणि तो कात्रीचा फटका शेवटी मधल्या रसायनाच्या किमतीवर येतो. त्यात आणखी निरीक्षक, आणखी नोंदवह्या आणि आणखी ‘भेटी’ आल्या, तर तो धंदा बंद करील आणि माल पुन्हा चीनमधून येईल. ही तक्रार खोटी नाही. निरीक्षकांची संख्या वाढवून सुरक्षितता वाढतेच, असा अनुभवही नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष नियम सैल करण्याचा असू शकत नाही. सुरक्षिततेचा खर्च जो करतो तो निविदेत हरतो आणि जो टाळतो तो जिंकतो, ही रचना बदलणे हा तो निष्कर्ष. आणि ती बदलण्याची किल्ली सर्वांत मोठ्या खरेदीदाराकडे, म्हणजे शासनाकडेच आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. क्षयरोग, हिवताप, एचआयव्ही यांसारख्या राष्ट्रीय कार्यक्रमांतील औषधांच्या निविदेत पुरवठादाराने मधल्या रसायनाचा स्रोत, त्याच्या उजव्या-डाव्या रूपाच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र आणि त्या युनिटच्या सुरक्षा तपासणीचा दाखला जोडणे बंधनकारक करावे, आणि या गोष्टींना दराबरोबर गुण द्यावेत. अशा रसायनांसाठी एकाहून अधिक स्रोत असावेत. सुरक्षा अधिकाऱ्याची अट कामगारसंख्येवरून काढून प्रक्रियेच्या धोक्याशी जोडावी. लहान युनिटांना तो अधिकारी सामाईक ठेवण्याची मुभा असावी. पिंपावरची सूचना आणि सुरक्षा माहितीपत्र, ते पिंप जो हलवतो त्याच्या भाषेत असावे. गुजरातच्या कारखान्यातील ओडिया मजुराला इंग्रजी माहितीपत्र देणे म्हणजे कागद पुरवणे. माहिती पुरवणे नव्हे. रासायनिक अपघातांचा तपास करून निष्कर्ष जाहीर करणारे स्वतंत्र मंडळ स्थापन व्हावे. आणि औषध नियंत्रक, कारखाना निरीक्षक व प्रदूषण मंडळ यांनी अशा युनिटांची पाहणी वर्षातून एकदा तरी एकत्र करावी. त्याने उद्योजकाच्या दारावरील फेऱ्याही कमी होतील.

दूरचा उपाय धोका मुळातूनच कमी करण्याचा आहे. मिश्रण बनवून मग रूपे वेगळी करण्याच्या पद्धतीत एका फेरीत निम्म्याहून अधिक उपयोगी माल मिळूच शकत नाही. उरलेले रूप उत्प्रेरकाच्या साह्याने पुन्हा मिश्रणात बदलून वापरता येते, पण त्यासाठी पुन्हा उष्णता, पुन्हा हायड्रोजन लागतो. तसे केले नाही तर तो टाकाऊ माल होतो. याउलट, विकरांच्या साह्याने सुरुवातीपासून एकच रूप घडवण्याचे मार्ग रसायनशास्त्राने खुले केले आहेत. तेथे पाणी हा विद्रावक असतो, तापमान सौम्य असते आणि रूपाची निवड विकरच करतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था यांच्यापाशी अशा रसायनशास्त्राची दीर्घ परंपरा आहे. संशोधन निबंधापासून टनावारी उत्पादनापर्यंतच्या मधल्या टप्प्याला पैसा लागतो आणि अपयश पचवण्याची तयारी लागते. ती लहान उद्योजकाकडून अपेक्षिणे अन्याय्य आहे. प्रोत्साहन योजनेचा काही हिस्सा या कामी वळवला, तर एकाच खर्चात रुग्ण, कामगार आणि नदी या तिघांचेही भले होईल.

क्षयमुक्त भारताच्या घोषणेत मोफत निदान, मोफत औषध आणि पोषण आहार यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. पण गोळी रुग्णाच्या तळहातावर येण्याआधी अनेक हातांतून गेलेली असते आणि त्यांतला एक हात रबरी मोज्याशिवाय, पितळी झडप फिरवत, इंग्रजी अक्षरांच्या पिंपाशेजारी उभा असू शकतो. त्या हाताला मोजा, पोलादी झडप आणि वाचता येईल अशी चिठ्ठी मिळाली, तर पिंपातला द्रवही अधिक शुद्ध राहील आणि गोळीही. ती जबाबदारी कोणाची, हा प्रश्न औषध खात्याने कामगार खात्याकडे आणि कामगार खात्याने राज्याकडे ढकलत राहण्याचे दिवस आता संपायला हवेत. कार्यक्रम राष्ट्राचा असेल, तर त्यातल्या मधल्या पिंपाचे धनीपणही राष्ट्रालाच पत्करावे लागेल.